भिवंडी: बंदोबस्त आणि बैठक

डिसेंबर १९९२ मध्ये अयोध्येतली बाबरी मशीद पाडली गेली. त्यानंतर डिसेंबर आणि जानेवारीत मुंबईत ९०० माणसं मारली गेली. हा आकडा न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालातला आहे. मुंबईच्या दाराशी असलेल्या भिवंडीत मात्र त्या काळात दंगल झाली नाही. ही गोष्ट केवढी मोठी, ते समजायला भिवंडीची आधीची ख्याती आठवावी लागते. महाराष्ट्रात दंगलीचा विषय निघाला की जी नावं पहिल्यांदा तोंडावर येत, त्यांत भिवंडी होती. १९७० आणि १९८४ अशा दोन भयंकर दंगली या गावाने पाहिल्या होत्या. पुन्हा पेट घेईल ते हेच गाव, अशी धास्ती असणं स्वाभाविक होतं.

कायमची शांतता बळाच्या जोरावर टिकते की माणसं एकत्र नांदण्यातून येते, हा वाद आपल्याकडे नेहमी हवेत चालतो. एक म्हणतो, दांडा दिसल्याशिवाय कोणी ऐकत नाही. दुसरा म्हणतो, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहतो, बाहेरचे लोक येऊन बिघडवतात. भिवंडीत हे दोन्ही दावे एकाच गावात, एकाच पिढीच्या डोळ्यांदेखत तपासले गेले, आणि दोन्ही जसेच्या तसे उरले नाहीत. म्हणून मला हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटतं.

एकत्र राहणं होतंच

भिवंडी हे यंत्रमागांचं गाव. मूळचे कोकणी मुसलमान, भोवतालच्या गावांतले आगरी, कुणबी, उत्तर प्रदेशातून आलेले अन्सारी विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, सुताच्या आणि कापडाच्या व्यापारातले मारवाडी आणि गुजराती अशी इथली वस्ती. सूत व्यापाऱ्याचं, माग दुसऱ्याचा, हात तिसऱ्याचे. व्यापारी सूत देतो, मागवाला मीटरच्या दराने मजुरी घेऊन ग्रे, म्हणजे न रंगवलेलं कोरं, कापड विणून देतो, आणि मागांवर बारा-बारा तास उभा राहणारा कामगार बऱ्याचदा घरदार गावाकडे ठेवून आलेला असतो, खोलीत पाळीपाळीने झोपतो आणि बिस्सीत, म्हणजे कामगारांच्या खाणावळीत, जेवतो. यातला एकही दुवा दुसऱ्याशिवाय चालत नाही. एक समाज बाजूला काढला तर दुसऱ्याचं पोट उपाशी राहील, इतकी ही गुंतागुंत आहे.

तरीही दंगली झाल्या. एकत्र राहिलं, एकमेकांवर पोट अवलंबून असलं की माणसं आपोआप शांततेने राहतात, हे म्हणणं भिवंडीने दोनदा खोटं ठरवलं. व्यापारी आणि मागवाला यांची गाठ पेढीवर पडते, भावावरून घासाघीस होते, हिशेब होतो. पण संध्याकाळी दोघे आपापल्या मोहल्ल्यात परततात. मोहल्ल्यात ज्या गोष्टी बोलल्या जातात त्या पेढीवर बोलल्या जात नाहीत. एका गावात असूनही एकमेकांच्या भीतीची त्यांना खबर नसते. दंगलीच्या रात्री नेमकी हीच खबर हवी असते.

सत्तर आणि चौऱ्याऐंशी

७ मे १९७० रोजी तिथीप्रमाणे शिवजयंतीची मिरवणूक निघाली. आजूबाजूच्या खेड्यांतून हजारो माणसं आली होती, झेंडे बांधलेल्या लाठ्या हातात होत्या. मिरवणूक निजामपुऱ्यातून, जामा मशिदीवरून जाणार होती. आधी शांतता समितीच्या बैठका झाल्या होत्या, मार्गावरून आणि घोषणांवरून वाटाघाटी झाल्या होत्या, पोलीस बंदोबस्त होता. म्हणजे आजही सणासुदीला जे जे केलं जातं ते सगळं केलेलं होतं. दगडफेक झाली, गाव पेटलं, आणि लोण जळगाव, महाडपर्यंत गेलं. एकट्या भिवंडीत ७८ माणसं मेली.

न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगाने या दंगलीची चौकशी केली. आपल्या देशातल्या दंगलींवरच्या अहवालांत इतका बारकाईने केलेला, इतका निर्भीड अहवाल क्वचित सापडतो. दंगलीनंतरच्या गुन्ह्यांचा तपास करण्यासाठी नेमलेल्या खास पोलीस पथकाने पक्षपात केला, हे मादन यांनी स्पष्ट शब्दांत लिहिलं. दंगल विझवायला आलेलं बळ दंगलीनंतर एका बाजूचं झालं, तर हरलेली बाजू ते विसरत नाही. पुढच्या वेळी ती बाजू पोलिसांकडे धाव घेत नाही, स्वतःची तयारी करते. भिवंडीच्या गल्ल्यांत १९७० नंतर हेच साचत गेलं असणार, असं माझं मत आहे.

मे १९८४ मध्ये दुसरा भडका उडाला. भगवे आणि हिरवे झेंडे, भाषणं, त्यावरची प्रत्युत्तरं, आणि मग जाळपोळ. भिवंडी, ठाणे आणि मुंबई मिळून अडीचशेहून अधिक माणसं मेली. अन्सारी बागेत जिवाच्या भीतीने एकत्र जमलेल्या माणसांना मारून जाळण्यात आलं. लष्कर बोलवावं लागलं.

लष्कर आल्यावर मारामारी थांबली, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. ज्या रात्री घरं जळत असतात त्या रात्री कोणतीही बैठक उपयोगाची नसते. अंगणात तलवारी घेऊन माणसं उभी असताना शांततेवर प्रवचन देणाऱ्याने एकदा त्या घरातल्या बाईच्या जागी बसून पाहावं. त्या क्षणी तिला बंदूकधारी जवानच हवा असतो. पण जवान बराकीत परततो. तो गेल्यावर गल्लीत काय उरतं, याची जबाबदारी त्याची नसते आणि असूही शकत नाही. १९७० ते १९८४ या चौदा वर्षांत ती कोणीच घेतली नाही.

समिती बदलली

१९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. त्यांच्याआधीच्या अधिकाऱ्यांपाशी दोन साधनं होती: बंदोबस्त आणि शांतता समिती. खोपड्यांनी दुसऱ्या साधनाकडे नीट पाहिलं आणि त्यातली खोट ओळखली, असं मी म्हणेन.

शांतता समिती कशी असते ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. सणाच्या आठवडाभर आधी पोलीस ठाण्यात पुढारी जमतात. एक बाजू उजवीकडे, दुसरी डावीकडे. चहा होतो. प्रत्येक जण आपल्या समाजाच्या वतीने बोलतो, आणि समाजाच्या वतीने बोलताना कोणालाही नमतं घेता येत नाही, कारण बाहेर त्याचीच माणसं कान देऊन उभी असतात. मार्ग, वेळ, वाद्यं यांवर ओढाताण होते. शेवटी फोटो निघतो. या पुढाऱ्यांपैकी काहींचं पुढारपण मुळात तणावावरच पोसलेलं असतं. तणाव संपला तर त्यांना विचारणार कोण? अशा माणसांना शांततेचे राखणदार नेमणं हा आपल्या पोलीस व्यवस्थेचा जुना दोष आहे.

खोपड्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. गावभर सुमारे ७० समित्या, प्रत्येकीत हिंदू आणि मुसलमान दोन्ही, आणि माणसं त्या त्या भागातलीच. पुढारी आणि नामचीन गुंड यांना बाहेर ठेवून दुकानदार, यंत्रमाग कामगार, रिक्षावाले, शिक्षक, डॉक्टर असे नेहमीचे लोक घेतले. समिती चालवायची त्या भागातल्या पोलिसाने, म्हणजे ज्याला लोक रोज रस्त्यात पाहतात त्या फौजदाराने किंवा हवालदाराने. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बैठक सणाची वाट पाहत नव्हती. ती ठरावीक दिवसांनी व्हायची, विषय असो वा नसो.

विषय नसताना भरलेल्या बैठकीत काय बोलतात? भिवंडीत तुंबलेली गटारं, नळाला न येणारं पाणी, रात्री दारू पिऊन गोंधळ घालणारी पोरं, भाडेकरू आणि घरमालकाची भांडणं, यांची वाण कधीच नव्हती. यांत हिंदूंचं गटार आणि मुसलमानांचं गटार असा फरक करता येत नाही. एका बाकावर बसून पाण्यासाठी भांडलेली दोन माणसं एकमेकांची नावं शिकतात, कोण चिडका आहे, कोण शब्दाचा पक्का आहे, कोणाचा मुलगा वाया चाललाय, हे त्यांना कळतं. मागच्या चौदा वर्षांत जे पेढीवर घडलं नव्हतं ते इथे घडू लागलं.

तिथे पोलीसही बसलेला असायचा, आणि माझ्या मते अभ्यासकांनी याकडे पुरेसं लक्ष दिलेलं नाही. समितीमुळे हिंदू आणि मुसलमान जवळ आले हे खरं, पण मुसलमान मोहल्ला आणि पोलीस चौकी यांतलं अंतर कमी झालं हे त्याहून दुर्मीळ होतं. १९७० च्या तपासाची आठवण असलेल्या वस्तीत हवालदार दर काही दिवसांनी येऊन बसतो, तक्रार ऐकून घेतो, पुढच्या वेळी काय केलं ते सांगतो. त्याला वस्तीतली खबर मिळते, वस्तीला त्याचा फोन नंबर आणि चेहरा मिळतो. हवालदारावरही परिणाम होतो. ज्या घरात त्याने चहा घेतलाय त्या घराच्या दारावर लाठी आपटताना हात अडखळतो.

डिसेंबरची कसोटी

१९९२ चा डिसेंबर आला तेव्हा खोपडे भिवंडीत नव्हते. त्यांची बदली झाली होती. त्यांच्या जागी आलेल्या गुलाबराव पोळ यांनी समित्या मोडल्या नाहीत, चालवल्या. आपल्याकडे नवा साहेब आला की जुन्या साहेबाच्या योजनेच्या फायली कपाटात जातात. पोळांनी तसं केलं नाही याचं श्रेय त्यांना मोकळेपणाने द्यायला हवं. एका माणसाच्या करिष्म्यावर हे सगळं उभं होतं, या आक्षेपालाही तिथेच अर्धं उत्तर मिळतं.

मशीद पडल्याची बातमी आल्यावर भिवंडीत राग नव्हता, भीती नव्हती, असं कोणी समजू नये. मुसलमानबहुल गावात संताप असणारच, आणि मुंबईहून रोज येणाऱ्या बातम्या आगीत तेल ओतणाऱ्या होत्या. बंदोबस्तही होता. पण बंदोबस्त मुंबईतही होता. लष्कर मुंबईत डिसेंबरातच उतरलं होतं, रस्त्यांवर ध्वजसंचलन होत होतं, आणि तरी जानेवारीत दुसरा, अधिक संघटित भडका उडाला.

फरक मला अफवेच्या वाटेत दिसतो. दंगलीला खतपाणी घालणारी अफवा नेहमी सारखीच असते: अमुक मोहल्ल्यात हत्यारं आलीत, तमुक ठिकाणी आपली मुलगी उचलली, रात्री हल्ला होणार आहे. ऐकणाऱ्यापाशी ती पडताळायचा मार्ग नसेल तर ती खरी मानण्यातच शहाणपण वाटतं, कारण खोटी मानून फसलं तर जीव जातो. भिवंडीत पडताळायचा मार्ग होता. पलीकडच्या मोहल्ल्यात ज्याच्याशी चार वर्षं गटारावरून वाद घातला तो माणूस होता, आणि दोघांच्या ओळखीचा हवालदार होता. तरुण पोरांना घरात आणणारे वडीलधारे प्रत्येक मोहल्ल्यात असतात. पलीकडेही कोणीतरी तेच करतोय याची खात्री असली तरच त्यांचा शब्द चालतो.

राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातल्या दंगलग्रस्त आणि शांत शहरांची तुलना केली आहे. त्यांचं म्हणणं असं की नुसती शेजारपाजारची ऊठबस मोठ्या शहरात पुरत नाही; दोन्ही समाजांना जोडणाऱ्या संघटना, मंडळं, युनियन असतील तिथे दंगल आटोक्यात राहते. अशा संघटना घडायला पिढ्या लागतात. भिवंडीचं वेगळेपण हे की इथे पोलिसांनी त्या काही वर्षांत जाणीवपूर्वक घडवल्या. मुंबईने पुढे हाच धडा घेतला. १९९३ नंतर सतीश साहनी पोलीस आयुक्त असताना, माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने, मुंबईतही मोहल्ला समित्या सुरू झाल्या. ९०० जीव गेल्यावर.

बळ की सहवास

आता मूळ प्रश्नाकडे. भिवंडीचं उदाहरण देऊन काही जण सांगतात की पाहा, पोलिसी बळाची गरजच नाही, माणसं जवळ आणली की झालं. मला हे पटत नाही. ही जवळीक बळाच्या मालकानेच घडवली होती. समितीला बोलावणारा माणूस गणवेशात होता. एखाद्या सद्भावना संस्थेने पत्रकं वाटून बोलावलं असतं तर किती मागवाले आले असते? पोलिसांनी बोलावलं म्हणून पहिल्यांदा आले, काही नाइलाजाने, काही कुतूहलाने. उपयोग होतो असं दिसल्यावर पुढे टिकले. गुंडांना बाहेर ठेवता आलं तेही बोलावणारे पोलीस होते म्हणूनच.

उलट बाजूने, बळाचा आग्रह धरणाऱ्यांनाही भिवंडी सोयीची नाही. त्याच पोलीस दलाने, त्याच गावात, १९७० मध्ये बळ वापरलं होतं आणि चौदा वर्षांनी परिस्थिती आणखी चिघळली होती. बदल झाला तो बळ कोणाच्या बाजूने उभं आहे याबद्दल दोन्ही समाजांची खात्री पटू लागल्यावर. जवळ राहणाऱ्या माणसांना एकमेकांवर विश्वास टाकायचा तर मध्ये निःपक्षपाती कोणीतरी आहे हा आधार लागतो. आणि तो निःपक्षपाती आहे की नाही हे माणसं त्याला रोज पाहूनच ठरवतात, सणाच्या दिवशी उतरलेल्या तुकड्या मोजून ठरवत नाहीत.

२००६

या प्रकरणाचा एक भाग बहुतेक कौतुकाच्या लेखांत गाळलेला असतो. जुलै २००६ मध्ये कोटरगेट मशिदीजवळ पोलीस ठाण्याची नवी इमारत बांधायचं काम निघालं. ती जागा कब्रस्तानाची आहे असा मुसलमान समाजातल्या लोकांचा दावा होता. विरोध वाढला, जमाव आला, दगडफेक झाली, पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसं मेली. त्याच रात्री जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार मारून जाळलं.

त्या दोन शिपायांच्या मृत्यूचं कोणतंही समर्थन नाही, मी करणारही नाही. पण भिवंडीच्या प्रयोगाचं काय झालं हे विचारणं भाग आहे. माझं उत्तर असं: इथे वादाची एक बाजू स्वतः पोलीसच होते. जागा त्यांना हवी होती, इमारत त्यांची होती. हिंदू आणि मुसलमान यांच्यात मध्यस्थी करण्यासाठी बांधलेली रचना, पोलीस आणि मुसलमान यांच्या वादात मध्यस्थी करू शकत नव्हती, कारण तिचा अध्यक्षच एक पक्षकार होता. त्यातच समित्या पूर्वीइतक्या जाग्या राहिल्या नव्हत्या. अधिकारी बदलत गेले, बैठकांमधली अंतरं वाढली, आणि ज्या गावात सगळं शांत आहे तिथे दर पंधरा दिवसांनी बसायचं कशाला, असं वाटू लागणं अगदी मानवी आहे.

तरी एक गोष्ट नोंदवायलाच हवी. २००६ चा हिंसाचार पोलीस आणि जमाव यांच्यातच राहिला. हिंदू मोहल्ले आणि मुसलमान मोहल्ले एकमेकांवर तुटून पडले नाहीत. आठवडाभराच्या आत, ११ जुलैला, मुंबईच्या लोकल गाड्यांत स्फोट झाले आणि १८० हून अधिक प्रवासी मेले. १९८४ ची भिवंडी असती तर त्या आठवड्यात काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. तेव्हाही गाव पेटलं नाही. जुन्या समित्यांचं काहीतरी शिल्लक होतं, की गाव दंगलीला कंटाळलं होतं, की मागांचा धंदा आधीच अडचणीत असताना एक दिवस बंदही कोणाला परवडणारा नव्हता? मला वाटतं, तिन्ही थोडंथोडं.

करायचं काय

हे प्रकरण वाचून आपल्या गावात काही करावं असं ज्यांना वाटेल, त्यांच्यासाठी मी दोन गोष्टी आग्रहाने सांगेन. पहिली, समितीच्या अध्यक्षपदी पोलीस असो, पण पोलिसांविरुद्धची तक्रारही त्याच बैठकीत मांडता आली पाहिजे, आणि ती ऐकायला पोलिसांबाहेरचं कोणीतरी, तहसीलदार असो की निवृत्त न्यायाधीश, ठरलेल्या वेळी हजर असलं पाहिजे. कोटरगेटच्या जागेचा वाद अशा ठिकाणी महिनाभर आधी आला असता तर कदाचित चार माणसं वाचली असती. दुसरी, बैठकांचं वेळापत्रक सणांच्या कॅलेंडरवरून काढू नये. गणपती, मोहरम, शिवजयंती, रामनवमी यांच्या आदल्या आठवड्यात सगळेच बैठका घेतात. बीट हवालदाराच्या डायरीत, ज्या महिन्यांत काही घडत नाही त्या महिन्यांच्या तारखा आधी लिहाव्यात, आणि वरिष्ठांनी तपासणीला आल्यावर पहिल्यांदा त्याच पानांवर बोट ठेवावं.